‘कळ’ म्हणजे ‘कल’ नव्हे

“डिलिरियम आहे,” डॉक्टर म्हणाले आणि लिफ्टकडे वळले. डिलिरियम म्हणजे काय, हे मला त्यांच्या पाठीला विचारावं लागलं. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना कधी कधी भ्रम होतो, जागेचं-वेळेचं भान सुटतं. वेड नव्हे, बहुतेकांचं उतरतं. एवढं थांबून सांगायला कुणाचं काय जात होतं?

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही राहतो त्या हिंदी मुलखातल्या शहरात, तेलीबांध्याच्या एका नव्याकोऱ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. राज्य नवं, राजधानी नवी, दवाखान्याला काचेची लिफ्ट; विचारायला माणूस मात्र सापडेल तर शपथ. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला. बाकावर बसायला मी.

दुसऱ्या दिवशी आई लढाईवर पोचल्या. एकाहत्तरच्या युद्धात त्या नर्स होत्या. नागपूरहून त्यांना बंगालच्या बाजूला, एका शाळेत घाईघाईनं उघडलेल्या दवाखान्यात पाठवलं होतं. बाकं जोडून खाटा केलेल्या, फळ्यावर औषधांच्या वेळा. लग्न झाल्यापासून हे ऐकून माझे कान किटले होते. आता त्या सलाईन ओढत होत्या आणि शेजारच्या बाईंना “जवान, हलू नोको” म्हणून दटावत होत्या.

“त्या पोट्ट्याले कळ येऊन राहिली,” हे त्यांचं पालुपद. “नळी तुंबली त्याची. काहून पाहत नाही कोणी?”

“आई, लढाई कधीच संपली,” मी म्हणायची.

सिस्टरला मराठी येत नव्हतं. तिला ‘कळ’चं ‘कल’ ऐकू आलं. “अम्मा, कल छुट्टी नहीं होगी,” ती गोड आवाजात म्हणाली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काउंटरवर गेले तर डॉक्टरांचा राउंड होऊन गेलेला. “दीदी, थोड़ा एडजस्ट कीजिए.” वर अम्मा फार हलतात, हात बांधावे लागतील, म्हणे. मी साफ नाही म्हटलं.

मग मीच त्यांना धरून बसले. चादर सारखी करताना माझा हात त्यांच्या ओटीपोटावर पडला आणि त्या किंचाळल्या. पोट दगडासारखं टणक. त्यांना कॅथेटर होता, म्हणजे लघवीसाठी आत बसवलेली नळी. खाली बघितलं तर पिशवी कोरडी. सकाळपासून ती कुणीच पाहिली नव्हती, मीही नाही.

मी इतकी ओरडले की अख्खा वॉर्ड जमा झाला. नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. नळी बदलली, पिशवी भरली आणि आई चक्क घोरायला लागल्या. “रिटेन्शन,” डॉक्टर म्हणाले, म्हणजे लघवी आत साठून राहणं. त्यानं भ्रम आणखी वाढतो. हा शोध जणू त्यांनीच लावला होता!

तुमच्या घरचं माणूस असं बरळू लागलं, तर आधी नळी बघा, पिशवी बघा, पोट बघा. एडजस्ट करू नका, भांडा.

हळूहळू आईंचं भान परत आलं. घरी आल्यावर चहा देताना मी त्यांना विचारलं, त्या जवानाची नळी तुंबल्याचं तेव्हा कसं कळलं?

“तो मद्रासकडला होता. त्याची बोली आमाले एक अक्षर समजेना. मंग डोक्यापासून पायापर्यंत हात लावून लावून पाहा लागे.” त्यांनी बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे बघितलं. “तुले तर माह्यी बोली समजते.”