बिनशिवणीचा स्वेटर

रिठ्याच्या फेसात धुऊन बाभळीच्या कुंपणावर पसरलेल्या मेंढीच्या लोकरीला हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात एक अनोखा वास सुटतो. त्यात माळावरच्या वाळल्या गवताचा गंध असतो, आणि ज्या जिवाच्या अंगावरून ती लोकर उतरली त्या जिवाची ऊबही असते. दिवाळी सरून गारठा पडू लागला की मला तो वास येतो. इथे शहरात, जिथे दोन-दोन मैलांत मेंढरू दिसायचे नाही, तिथेसुद्धा येतो! आणि मग हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावचा तो हिवाळा, आमच्या घरापुढचे अंगण आणि धुरपतामावशीची कौशी डोळ्यांपुढे उभी राहते. तुम्हाला आज तिचीच गोष्ट सांगावीशी वाटते. तिची आणि माझ्या बाबांची.

बाबा फौजेत होते. उत्तरेकडच्या बर्फाने त्यांच्या उजव्या पायाची तीन बोटे खाल्ली आणि पाच महिने त्यांना पहाडातल्या एका इस्पितळात पडून राहावे लागले. शेजारच्या खाटेवर एक पहाडी जवान होता. दुखणे विसरण्यासाठी तो दिवसभर लोकर विणी. त्याने बाबांना विणकाम शिकवले, तेही आपल्याकडच्या बायका विणतात तसे नव्हे. आपल्याकडे पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या वेगळ्या विणतात आणि मग ते सारे तुकडे सुईने जोडतात. त्याची रीत गोल विणण्याची. चार सुयांवर टाक्यांचे कडे घालायचे, पाचव्या सुईने विणत विणत फिरत राहायचे. खालून वर चढत जाणारी एक अखंड नळी तयार होते; तिला शिवण म्हणून नसते. शेवटी बाबांना इस्पितळातून सोडले तेव्हा त्या जवानाने आपल्या हाताने विणलेला एक स्वेटर त्यांच्या अंगात घातला. मऊसूत तांबड्या लोकरीचा, आणि खांद्याभोवतीच्या घेरात, ज्याला आपल्या बायका योक म्हणतात, साईच्या रंगात देवदारांची एक रांग.

गावी परतल्यावर बाबांनी बाजारपेठेत, बस थांबे त्या चिंचेखाली, सायकल दुरुस्तीचे दुकान टाकले. पोलादी सुया कुठून आणायच्या हा प्रश्न मग उरलाच नाही. जुन्या चाकांचे स्पोक सरळ करून, दोन्ही टोके दगडावर घासून त्यांनी सुयांचा जुडगाच तयार केला. गिऱ्हाईक नसले की ते खोक्यावर बसून विणू लागत. बाजाराला आलेली माणसे थबकून पाहत. कोणी हसत, कोणी विचारी, "फौजी, घरी बाई न्हाई का?" बाबाही हसत आणि विणत राहत.

पण मी पंधरा वर्षांची होते. त्या वयात बापाचे वेगळेपण अभिमानाने मिरवता येते का हो? शाळेत एके दिवशी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सुजाताचा बाप स्वेटर विणून राहिला. मंग माय पंक्चर काढती का?" सारा वर्ग हसला. घरी येऊन मी दप्तर आपटले आणि म्हणाले, "बाबा, दुकानात नका विणत जाऊ. लोक मला हसतात." बाबांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले.

"बरं," ते म्हणाले.

एवढेच. दुसऱ्या दिवसापासून लोकरीची पिशवी घरी खुंटीला राहिली आणि बाबा दुकानात रिकाम्या हातांनी बसू लागले. त्या खुंटीखालून जाताना मला मान खाली घालावीशी वाटे.

असाच महिना गेला. एका सकाळी धुरपतामावशी दारात आली. तिच्या घरची मेंढरे होती आणि माळाकडेला थोडे शेत. पाठीवर लोकरीचे गाठोडे, सोबत कौशी. कौशी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण शाळेत उशिरा आल्यामुळे माझ्याच वर्गात होती. दोन वर्षांपूर्वी मेंढरांच्या वाड्यावर चूल पेटवताना वाऱ्याने तिच्या पदराला जाळ लागला. डाव्या कानापासून खांद्यापर्यंतची कातडी भाजली. जीव वाचला, शाळा मात्र सुटली ती सुटलीच.

मावशी उंबऱ्याबाहेरच टेकली. मायने पाणी आणले तर म्हणाली, "आत्ताच पिऊन आले." आमच्या घरचे पाणी तिच्या जातीत चालत नव्हते; ती असे का म्हणाली हे त्या काळात कोणाला सांगावे लागत नसे. कौशीने मात्र हात पुढे केला. "मला दे, मावशे. लई तहान लागली." आणि तांब्या तोंडाला लावून ती घटाघटा प्याली. धुरपतामावशी दुसरीकडे पाहत राहिली.

मग तिने काम सांगितले. "फौजीभाऊ, पोरीला शिवण सोसत न्हाई. झंपराची शिवण खांद्याला घासली की कातडं फुटतं. तुमी बिनशिवणीचं विणता म्हनं. लोकर म्या सोता कातलीय." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "गळा कानाच्या पातूर वर घ्या. माघात कळमनुरीकडचे पाव्हणे येऊन राहिले तिला बघायला. डाग दिसाया नको."

बाबांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले. घरातही विणू का, असेच जणू ते विचारत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी मुकाट्याने उठून पिशवी खुंटीवरून काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

माप मी घेतले. सुतळीला गाठी मारत मी कौशीची छाती, दंड, मनगट मोजले. मान मोजताना माझी बोटे त्या कातडीला लागली. ती गुळगुळीत होती आणि कमालीची थंड; खाली रक्त वाहतच नसावे इतकी थंड. कौशीने डोळे मिटून घेतले. तिला दुखले असेल का? मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

पौषात स्वेटर चढत गेला. अंग पांढऱ्या मेंढीचे, कडा काळ्या मेंढीच्या. अंगाची नळी काखेपर्यंत आली, दोन्ही बाह्यांच्या बारीक नळ्या वेगळ्या विणून झाल्या, आणि मग एके दिवशी बाबांनी तिन्ही नळ्या एकाच कड्यावर घेतल्या. टाके इतके झाले की चार स्पोक पुरेनात, नऊ लागले. त्यापुढे प्रत्येक चार-सहा फेऱ्यांनी टाके कमी करत खांद्यांवरून गळ्याकडे जायचे. तिथे बाबांनी काळ्या लोकरीत देवदार घातले, कारण त्यांना तेवढीच एक नक्षी येत होती. आमच्या गावात देवदार कोणी पाहिला होता? जो येई तो म्हणे, "फौजी, ज्वारीची कणसं बाकी झकास जमली!" बाबा म्हणत, "कणसंच समजा."

माघ लागायला आठ दिवस होते तेव्हा कौशीने तो स्वेटर अंगात घातला. गळा थेट कानाच्या पाळीपर्यंत. धुरपतामावशीचा चेहरा उजळला. "बगा, काहीच दिसत न्हाई!" कौशी उभी होती, ताठ, एखाद्या खांबासारखी. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. तिने तो अंगातून ओरबाडून काढला आणि अंगणापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसली. मावशी संतापली. "एवढा मानूस राबला आन् हिचं हे थेर!"

मी कौशीच्या मागे गेले. तिच्या मानेवर तांबडे ओरखडे उठले होते. नक्षीत दोन धागे चालतात. ज्याची पाळी नसते तो आतल्या बाजूने ओढत न्यावा लागतो. घोंगडीला वापरतात तसली ती राठ लोकर आतून तिच्या जळक्या कातडीवर करवतीसारखी फिरली होती.

"लई टोचतं का?" मी विचारले.

"टोचतं. पर त्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "मला मानच वळवता येत न्हाई त्यात. आधीच कातडं वढून धरतं. मेंढरं डाव्या अंगाला असली की मला आख्खं फिरावं लागतं. वरून हा गळा."

"पण डाग झाकायचा ना?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी आजवर ते विसरलेले नाही. "कोनाला झाकायचाय, सुजे? माझ्या मायला. मला तर नुसती थंडी वाजून राहिली, दोन वरसापासून. थंडीनं हे आवळतं. मला ऊब पायजे. लोकं बगतील तर बगू दे."

दोन वर्षे! या दोन वर्षांत गावाने तिच्यासाठी हळहळ केली होती, तिच्या आईने नवस बोलले होते, मी तिच्या नावाने सुस्कारे टाकले होते. आम्हा साऱ्यांची करुणा खरी होती; पण त्या करुणेला कान होते का? तिला नेमके काय हवे आहे, एवढा साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता.

मी जाऊन बाबांना सारे सांगितले. मग त्यांनी गळ्याकडचे टोक सोडले आणि धागा ओढायला सुरुवात केली. देवदार एकेक करून नाहीसे झाले. बाह्या जोडल्या होत्या तिथपर्यंत उसवून ते थांबले. खालून वर विणलेल्या स्वेटरचे हे बरे असते, चुकले तेवढेच काढता येते. अंग झंपरावर बसणार होते, त्याची राठ लोकर चालणार होती. प्रश्न खांद्याचा होता. मऊ लोकर हिंगोलीला मिळाली नाही. नांदेडहून मागवावी तर पाहुणे दारात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा अंगणात होते, आणि त्यांच्या मांडीवर त्यांचा तो तांबडा स्वेटर होता. निम्मा उसवलेला. माय चुलीपाशी पाठमोरी बसली होती. "बाबा, हा काहून?" मी ओरडलेच. त्या पहाडी जवानाची पुढे कधी खबर आली नव्हती. त्याची म्हणून तेवढीच वस्तू घरात होती.

"त्यानं मला थंडी वाजत होती म्हणून दिला," बाबा म्हणाले. "आता तिला वाजून राहिली." आणि लोकरीचा गुंडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "घट्ट नको गुंडाळू. लोकरीला श्वास घेऊ दे."

दिवस थोडे होते आणि बाबांना दुकान सोडता येत नव्हते. म्हणून दुसऱ्या सकाळी मीच ती पिशवी उचलली, दुकानात नेली आणि त्यांच्या खोक्याशेजारी दुसरे खोके ओढून बसले. मला टाके येत नव्हते. ते मला तिथेच, चिंचेखाली, साऱ्या बाजारादेखत त्यांनी शिकवले. बाबा पंक्चर काढत असले की मी विणायची, माझे चुकले की ते ग्रीसचे हात पुसून सावरायचे. वर्गातल्या मुली समोरून गेल्या. हसल्याही. हसोत बापड्या! माझे लक्ष टाके मोजण्यात होते. योक तांबडा झाला, देवदार साईच्या रंगाचे, आणि गळा मानेच्या मुळाशीच थांबला, सैल.

पाहुणे आले त्याच सकाळी स्वेटर पुरा झाला, आणि कौशी तो घालूनच त्यांच्यापुढे बसली. पाहुण्यांतल्या बाईने कौशीच्या मानेकडे बोट दाखवून विचारले तेव्हा ती आपणच म्हणाली, "भाजलंय. बरं झालंय आता." पाहुणे चहा पिऊन गेले आणि निरोप आला नाही.

तिसऱ्या दिवशी धुरपतामावशी दुकानापुढे येऊन उभी राहिली. बाजाराचा दिवस होता. "फौजीभाऊ, म्या तुमाला गळा वर घ्या म्हनलं होतं. तुमीच माझ्या पोरीचं वाटोळं केलं!"

माणसे जमली. बाबा उभे राहिले. "व्हय आक्का," ते म्हणाले, "गळा मीच खाली ठेवला."

कौशीचे नाव त्यांनी घेतले नाही, माझेही नाही. पण मला राहवले नाही. "न्हाई मावशी," मी म्हणाले, आणि माझा आवाज एवढा मोठा असतो हे मलाच ठाऊक नव्हते, "मी सांगितलं होतं बाबांना. कौशीला मान वळवता येत न्हवती. तुमी तिला एकदा तरी विचारलं का? आमी बी न्हाई विचारलं."

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. मग ती वळून निघून गेली. नऊ महिने ती आमच्या दाराकडे फिरकली नाही. कौशी मात्र येत राहिली. मेंढरे माळावर सोडून ती दुपारी दुकानात टेकायची. बाबांनी तिलाही विणायला शिकवले. तिची बोटे कातण्यात तयार झालेली. माझ्याहून कितीतरी लवकर तिला साधले.

पुढच्या दिवाळीला मेंढरे कातरली गेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी धुरपतामावशी आली, आणि या खेपेला उंबरा ओलांडून आत आली. कापडाचे गाठोडे तिने मायपुढे सोडले. आत फुगीर, पांढरीशुभ्र लोकर होती. "कोकरांची पयली कातरन हाय," ती म्हणाली. "मऊ असती. फौजीभाऊनं सोताच्या अंगातलं काढून माझ्या लेकीला घातलं, हे मला कौशीनं परवा सांगितलं. वरीसभर काहून न्हाई बोलली कोनास ठाऊक." मग खाली बघत, जरा कष्टाने ती म्हणाली, "म्याच इचारलं नसंल."

कौशीचे लग्न पुढे दोन वर्षांनी जमले, सिद्धेश्वरच्या बाजूला, धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या एका समंजस माणसाशी. पण ते नंतरचे. त्या हिवाळ्यात कौशीने आणि मी मिळून, चिंचेखाली बसून, बाबांसाठी स्वेटर विणला. अंग मी विणले, बाह्या तिने. तिन्ही नळ्या एका कड्यावर घेतल्या तेव्हा बाजारातली दोन माणसे नुसती बघायला थांबली होती. नक्षी वर चढली, टाके कमी होत आले. उरलेले टाके नऊवरून चार स्पोकांवर आले, तेव्हा कौशीने विणणे थांबवले आणि पंपाने हवा भरत असलेल्या बाबांना हाक मारली.

"काका, गळा कुठवर ठेवू?"

बाबांनी पंप खाली ठेवला. आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी पहिल्यांदाच विचारत होते. ते खरोखर विचारात पडले. मग त्यांनी ग्रीसने काळे झालेले बोट आपल्या मानेवर टेकवले, जरा वर सरकवले, पुन्हा थोडे खाली आणले.

"हितवर," ते म्हणाले.