चूल गार होईपर्यंत

माझा पाय घरात ठरत नाही असं माझी आई म्हणायची. लग्नानंतर सासूबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उचललं. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात तर तो अजिबातच ठरत नव्हता. मला चौथा महिना लागला होता आणि पोटात अन्न टिकत नव्हतं. आदल्या वर्षी असंच एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे घास खाली उतरला की हा राहतो की परत येतो, या धास्तीने मी ओसरीवरून परसात आणि परसातून ओसरीवर येरझाऱ्या घालायचे. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा. त्याला माझ्या या फेऱ्यांची वार्ताही नसे.

सासूबाईंना मी आत्या म्हणे. आत्यांचा औषधावर काडीचा विश्वास नव्हता, सगळा भरवसा खाण्यावर. दुष्काळ सरत आला होता, पण रेशनवर अजून परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारीच मिळायची. आत्या तिच्या जाड भाकरी थापायच्या, वर कुठून कुठून जमवलेलं तूप सोडायच्या आणि शेंगदाण्याचा कूट घातलेलं झणझणीत कालवण पुढ्यात ठेवायच्या. “दोन जिवाची हायेस. दाबून खा,” म्हणायच्या. मी दाबून खायचे आणि मोरीकडे पळायचे. आत्या मागून शिर्डीच्या दिशेने हात जोडायच्या आणि पुन्हा भाकरी वाढायच्या.

आमचं घर कोपरगावात, नदीच्या अंगाच्या गल्लीत. परसाला कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यापलीकडे एक गुजराती जोडपं राहायचं. त्यांना गल्लीत येऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याचं तेलाचं दुकान. बायकोला सगळे बेन म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा देवी येऊन गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे.

एके सकाळी मी त्या भिंतीला धरूनच ओकत होते, तेव्हा पलीकडून हात आला. हातात पापडासारखी पातळ, कडक भाजलेली पोळी होती. “खाखरा आहे. उद्या उठायच्या आधी खाटेवरच खा. पाणी नंतर,” बेन म्हणाली. मी मुकाट ऐकलं, आणि खाखरा पोटात राहिला. मला इतका आनंद झाला की मी घरभर फिरले.

मग रोज काहीतरी भिंतीवरून येऊ लागलं. कधी ढोकळा, कधी डाळ-तांदळाचा खरपूस हांडवो. एकदा तर तिने मिलोच्याच पिठात बेसन आणि किसलेला दुधी घालून मुठिये वळले, चाळणीत ठेवून वाफवले आणि वर तीळ-मोहरीची नावापुरती फोडणी दिली. जी मिलो भाकरी होऊन माझ्या जिवावर उठायची, तीच मुठिये होऊन गपगुमान खाली गेली. सकाळी डोळा उघडला की मी आधी भिंतीपलीकडच्या छपरातून धूर निघतोय का ते बघायचे. धूर दिसला की जीव भांड्यात पडायचा.

आत्यांना हे सहन होईना. त्यांच्या हातचं उलटतं आणि शेजारणीचं पचतं, हा त्यांचा उघड उघड अपमान होता. एक दिवस भिंतीवर वाटी बघून त्यांचा तोल गेला. “काय गं, आपल्या घरात अन्न न्हाई व्हय? लोकाच्या वाफेवर माझं नातवंड वाढवायचं?” हे त्या मला म्हणत होत्या, पण आवाज भिंतीपलीकडे जाईल इतका होता. बेनने वाटी उचलून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी. मी पुन्हा मोरीकडे. मला आत्यांचा राग आला, बेनचाही आला. एवढ्या तेवढ्यावरून कुणी वाटी बंद करतं का? त्याच दिवशी पलीकडे सकाळपासून तव्याचा आवाज थांबेना. मी शंभरदा परसात जाऊन डोकावले. ठेपल्यांची उंचच्या उंच चवड, डब्यात भरलेल्या पुऱ्या, झाकलेली पातेली. ठेपले म्हणजे प्रवासाची शिदोरी, एवढं मला एव्हाना कळत होतं. तिचा नवरा आठवड्यापूर्वीच काठेवाडात आजारी वडलांना बघायला गेला होता. बेनही निघाली, माझ्या मनाने घेतलं. ती गेली तर माझं कसं होणार? आणि जे पोटात आहे त्याचं? विचारायला जावं तर आत्या दारात ठाण मांडून बसलेल्या.

सकाळी मी उठले तेव्हा पलीकडे धूर नव्हता. उन्हं वर आली तरी नव्हता. पण दार उघडं होतं, आणि आत बेन वावरताना दिसत होती. म्हणजे गेलेली नव्हती. मी आत्यांना सांगितलं तशा त्या उठून भिंतीशी आल्या, छपराकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच पालटला.

“म्हातारा गेला वाटतं तिकडं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एकलीच हाय ती.”

आमच्याकडे ज्या घरात दुखवटा असतो त्या घरात चूल पेटत नाही. भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची असते. तिथे भांडण आडवं येत नाही. आत्यांनी बघता बघता पिठलं टाकलं, भाकरी थापल्या आणि ताट पदराखाली झाकून निघाल्या. मी मागोमाग. उंबऱ्यावरूनच त्यांनी गळा काढला, “बेन, असं कसं गं झालं?”

बेन आतून धावत आली. न्हालेली, नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. आमच्याकडे आणि वाफाळणाऱ्या ताटाकडे बघून ती दोन पावलं मागे सरली.

“कोणी नाही गेलं, माजी. आज सातम छे. शीतळा सातम. आज चूल नाय पेटवायची, गरम नाय खायचं.”

तिची चूल शेणाने सारवलेली होती, वर कुंकवाची बोटं आणि कापसाची एक डहाळी. आदल्या दिवशीचे ठेपले, पुऱ्या, सगळं गार होऊन झाकून ठेवलेलं. आज शीतळा, म्हणजे देवीच्या रोगाची देवी, घरोघर येते, चुलीत लोळते, बेनने सांगितलं. चूल गार असली तर ती निवते आणि आशीर्वाद देते. गरम असली तर भाजते, आणि मग त्या घरच्या लेकरांना… तिने ठेपल्यांवरचं झाकण सारखं केलं.

“म्हंजी ह्ये लेकरांसाठी करायचं?” आत्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

“हां, माजी. माझा छोकरा गेला तेव्हापासून सोडलं होतं. कोणासाठी करणार?” बेनने पदर नीट केला. “या वर्षी केलं.” आणि ती माझ्याकडे बघू लागली.

मला रडू फुटलं. दोन दिवस मी वाटीसाठी जिच्यावर चरफडत होते, ती माझ्यासाठी तव्यापुढे बसली होती. आत्या मात्र ताट तिथेच ओट्यावर टेकवून वळल्या आणि भरभर आमच्या घरी गेल्या. मला वाटलं, पुन्हा बिनसलं.

मी पोचले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. आत्यांनी चुलीतली लाकडं ओढून परसात फेकली होती आणि घागर चुलीवर ओतली होती. राखेचं काळं पाणी जमिनीभर पसरलं होतं. सारवण गेलं, कडेला ठेवलेला चहा गेला, आत्यांना कशाचंच भान नव्हतं. त्या सुपाने चुलीला वारा घालत होत्या. चुलीला वारा घातला की ती पेटते, विझत नाही, हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या, पण त्या घडीला तेही सुचलं नाही.

बेन ठेपले घेऊन मागच्या दाराने आली. आत्यांनी मान वर न करता विचारलं, “किती टाइम लागतो गं निवायला? दगूड अजून ऊन हाय.”

बेन त्यांच्याशेजारी चिखलात बसली आणि तिनेही चुलीवर तळवा ठेवला. मला दोघींनी हाताशी येऊ दिलं नाही. माझ्या हातात गार ठेपला कोंबला आणि आत्या म्हणाल्या, “खा. आन टाकायचा न्हाई, सांगून ठिवते.”

मी भिंतीला टेकून बसले आणि खाल्ला. तो राहिला. त्या दुपारी पहिल्यांदा मी जागची हलले नाही. उलट आत्याच उठायच्या, परसात जायच्या, परत येऊन चुलीवर हात ठेवायच्या आणि बेनला म्हणायच्या, “बघ की तू. माझ्या हाताला काय कळंना. गार झाली का?”