श्रीधरचं इंग्रजी

२००१ साली पुणे सोडताना बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, स्वेटर काढून ठेवले आणि कॅसेट तशाच राहू दिल्या. तो एका इंग्रजी दैनिकात मैफलींवर लिहायचा. नोकरी मला लागली होती, परदेशात, बॉथेलला. तो माझ्याबरोबर येत होता. सासूबाई फाटकापाशी म्हणाल्या, "इथे तुझं इंग्रजी वाचणारे चार लोक. तिकडे सगळा देश वाचेल."

त्याच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. मी ऑफिसला ड्राइव्ह करून जायचे, तो भाजी चिरताना कॅसेट ऐकायचा. काय छापून आलं, असं सासूबाई फोनवर विचारायच्या. तो हवेबद्दल बोलायचा. पुण्यात अंक हातात आला की उपसंपादकाने काय कापलं म्हणून तो चिडायचा. ते चिडणंही थांबलं, याची मला जास्त काळजी वाटे.

ग्रीन कार्ड आल्यावर इथल्या एका इंग्रजी साप्ताहिकाने त्याला इथल्या मराठी मंडळाच्या मैफलीवर लिहायला सांगितलं. इकडे कलाकार हॉटेलात नाही, मंडळातल्या कुणाच्या तरी घरी उतरतात. त्या वेळच्या गायिका नलूकाकूंकडे होत्या. काकू त्यांना मऊ भात आणि गरम पाणी देत होत्या. श्रीधरने लिहिलं, आवाज थकलेला होता, आणि मारवा रागात त्या थकव्याचंच गाणं झालं. लोकांनी पहिलं अर्धं वाक्यच वाचलं.

काकूंचा फोन आला. "आपलं माणूस एवढ्या लांबून येतं, आपल्या घरी जेवतं, आणि तू पेपरात उणं काढतोस?"

"छान म्हणायला तुम्ही सगळे आहातच, काकू," तो म्हणाला. "ऐकायला कुणीतरी नको?"

पुढे बरेच शनिवार आम्हाला कुणाकडे जेवायचं बोलावणं नव्हतं. तो लिहीत राहिला. चर्चमधल्या गाण्यावर, कॉलेजातल्या जॅझवर. उपसंपादकावर पुन्हा चिडू लागला.

२००८ मध्ये तो गेला. नलूकाकू रोज डबा घेऊन यायच्या. एकदा भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आवाज थकलाच होता गं. मला सकाळी चहालाच कळलं होतं."

तुम्ही घरचे पुण्याहून विचारता, आता परत येतेस का? घर तिथे आहे, इथेही आहे. पण मैफल संपली की पार्किंग लॉटमध्ये सगळे "मस्त झालं यार" म्हणतात, मीही म्हणते. पूर्वी गाडीचं दार लागलं की हायवे येईपर्यंत तो खरं काय झालं ते सांगायचा. माझं घर तेवढ्या रस्त्यावर होतं. आता तिथे मी एकटीच मोठ्याने म्हणते, आज सूर लागला नाही.