चाकं नसलेलं धनुष्य

प्रताप घोरपडे माणसांची प्रत ठरवायचा ती एकाच गोष्टीवरून: माणूस हरणाच्या किती जवळ जातो. बंदूकवाले सगळ्यांत खाली. दोनशे यार्डांवरून दुर्बिणीत बघायचं आणि बोट वाकवायचं, याला तो शिकार म्हणायलाच तयार नव्हता. "पेटीत टपाल टाकल्यासारखं आहे ते," तो म्हणायचा. त्यांच्या जरा वर कंपाउंड बोवाले. त्या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात. एकदा दोरी मागे ओढली की बराचसा ताण चाकंच पेलतात आणि माणूस निवांत नेम धरून उभा राहतो. "चाकं सायकलला लावतात," एवढंच तो त्यावर बोलायचा.

त्याचं स्वतःचं धनुष्य साधं, लाकडाचं. ओढलं की सगळा भार खांद्यावर यायचा आणि दोन श्वासांत हात थरथरायला लागायचा. म्हणजे हरिण वीस पावलांच्या आत यायला हवं, त्याचं डोकं झाडाआड जायला हवं, वारा आपल्या तोंडावर हवा, आणि तेवढ्या अवधीत ओढून सोडायला हवं. नाहीतर हरिण जमिनीवर पाय आपटतं, शेपटीचा पांढरा झेंडा वर करतं आणि आपली कुचेष्टा केल्यासारखं निघून जातं.

सहा हंगामांत प्रतापनं असे झेंडे पुष्कळ पाहिले होते. हरिण एकही मिळालं नव्हतं.

व्हर्जिनियात रस्त्यांच्या खात्यात तो इंजिनियर होता. अ‍ॅशबर्नच्या बाजूला तेव्हा नुसती शेतं आणि दुधाच्या गाई. एका मोजणीच्या वेळी वेंडेल नावाच्या शेतकऱ्याशी त्याची ओळख झाली आणि त्याच्या रानात शिरायची परवानगी मिळाली. वेंडेल स्वतः चाकांचं धनुष्य घेऊन झाडावर बसायचा आणि दरवर्षी हरिण घरी न्यायचा. प्रताप त्याच्याशी अदबीनं बोलायचा आणि घरी येऊन बायकोला, सरलाला, सांगायचा, "माकडासारखा झाडावर बसतो. त्यात काय अवघड आहे?"

मराठी मंडळात तर बोलायलाच नको. तिथले गिरीश काका त्याला पाहिलं की विचारायचे, "काय प्रतापराव, यंदा तरी काही, की नुसतंच जंगलात फिरणं? आणि त्या मुक्या जनावरांचा जीव घेऊन काय मिळतं हो?"

"तुमच्या ताटातली कोंबडी काय आत्महत्या करून आली?" प्रताप विचारायचा. "तिचं तोंड तरी बघितलंत का? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली शूरवीर माणसं तुम्ही."

सरला टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची.

या सगळ्या तुच्छतेचं मूळ मात्र अमेरिकेतलं नव्हतं. ते त्याच्या वडिलांपाशी होतं. आबासाहेब घोरपडे गावाकडे नामांकित शिकारी. चार वाड्यांतली माणसं हाकारे म्हणून रान उठवायची, पत्र्याचे डबे बडवत जनावर मचाणाखाली आणायची, आणि वर गादीवर बसलेले आबासाहेब बंदूक झाडायचे. जखमी जनावराचा माग काढायला झुडपात शिरायची ती पुन्हा हीच माणसं. संध्याकाळी पानाचा डबा उघडून आबासाहेब शिकार सांगायला बसले की त्यात हाकाऱ्यांचं नाव नसायचं. लहानपणी प्रतापनं एकाच सांबराची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की दरवेळी त्याची शिंगं वीतभर वाढलेली त्याला कळायची.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात आबासाहेब पहिल्यांदा अमेरिकेत आले. धनुष्य हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"हे काय? रामलीलेत काम करतोस?"

"याच्यानंच मारतात, आबा."

"मारलंस का काही?"

प्रतापनं धनुष्य त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"पगार बरा आहे ना? मग बंदूक घे की. घोरपड्यांचा मुलगा आणि भिल्लासारखा बाण काय मारतोस!"

"भिल्लाला येतं ते तुम्हाला येतं का?" प्रताप म्हणाला. त्याच रागाच्या भरात त्यानं शनिवारी पहाटे वडिलांना बरोबर चलायला सांगितलं. रानात जमिनीवर बसणं म्हणजे काय ते त्यांना एकदा दिसू दे, असं त्याच्या मनात होतं. भला हेतू नव्हता तो.

ओकच्या झाडाखाली पडलेल्या एका ओंडक्यामागे दोघं बसले. आबासाहेबांनी आधी थर्मासमधला चहा मागितला. मग गुडघे दुखतात म्हणाले. मग खोकले. "हाकारा नाही, काही नाही. हरिण काय आमंत्रण दिल्यावर येणार?" हे त्यांनी चांगलं मोठ्यानं विचारलं. प्रतापनं ओठांवर बोट ठेवलं. आजचा दिवस वाया गेला, हे त्यानं मनाशी धरून टाकलं.

ऊन पानांतून खाली आलं तेव्हा आबासाहेबांना डुलकी लागली होती. आणि मग, जिथं क्षणापूर्वी काही नव्हतं तिथं, एक मादी उभी होती.

ओकची फळं खात ती पुढे येत होती. तीस पावलं. पंचवीस. दात फळं फोडतात तो आवाज प्रतापला ऐकू आला. शेजारी आबासाहेब जागे झाले. त्यांनी तिला पाहिलं आणि प्रतापच्या बाहीला घट्ट धरलं. प्रतापनं तिरक्या नजरेनं पाहिलं. म्हातारा घाबरला होता. पन्नास वर्षं शिकारी म्हणवणारा माणूस, आणि जमिनीवर, एका पातळीत, जिवंत जनावर एवढ्या जवळ त्यानं बहुधा कधी पाहिलंच नव्हतं. प्रतापला आत कुठेतरी बरं वाटलं. त्यानं बाही सोडवून घेतली.

मादीचं डोकं झाडाच्या बुंध्याआड गेलं. प्रतापनं ओढलं आणि सोडलं.

दोरीच्या आवाजानं ती दबली, मग उधळली. बाण लागला होता, पण जिथं लागायला हवा त्याच्या चार बोटं मागे.

"लागला! अरे, ऊठ, धाव!" आबासाहेब उभे राहिले.

"खाली बसा."

"पळून जाईल ती!"

"आत्ता मागे गेलो तर मैलभर पळेल. बसू दिली तर तिथंच मरेल. बसा."

ते बसून राहिले. सहा वर्षं तो लोकांना सांगत आला होता की जवळून मारणारा माणूस जनावराला त्रास देत नाही. आता तीच मादी कुठल्या तरी झुडपात पोट जळत पडली होती आणि तो इथं हात चोळत होता. आबासाहेबांनी उरलेला चहा संपवला.

दुपारी दोघं माग काढायला निघाले. काळपट रक्ताचे थेंब पानांवर, एखादा इथं, एखादा तिथं. प्रताप गुडघ्यांवर रांगत होता, आबासाहेब मागून "इकडे नसेल, तिकडे असेल" करत होते. ओढ्यापाशी ती सापडली. मरून बराच वेळ झालेला. प्रतापनं सुरी काढली आणि पोट फाडायला घेतलं, तसे आबासाहेब तोंड फिरवून ओढ्याकडे बघत उभे राहिले.

"धरा हा पाय," प्रताप म्हणाला.

"या कामाला माणूस नाही का कोणी?" आबासाहेबांनी विचारलं.

"मी आहे ना."

त्यांनी पाय धरला नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. फराळाच्या टेबलापाशी आबासाहेबांभोवती घोळका जमला. प्रताप चिवडा घ्यायला गेला तेव्हा गोष्ट रंगात आली होती. "मी म्हटलं, प्रताप, हलू नकोस. वारा मी बघितला. एवढी शिंगं होती!" आबासाहेबांनी दोन्ही हात पसरले. "मी खूण केली आणि यानं सोडला. जागच्या जागी!"

"मादी होती," प्रताप म्हणाला. "शिंगं नव्हती. बाण मागे लागला, चांगला तास-दोन तास तडफडून मेली. आणि आबा झोपले होते."

गिरीश काकांनी करंजी उचलली आणि तिच्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं. आबासाहेबांचे हात हळूहळू खाली आले.

परतताना ते मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसले होते. घरी ते आत निघून गेल्यावर सरला गाडीतच बसून राहिली.

"पंच्याहत्तरीच्या माणसाला चारचौघांत असं करतात?"

"खोटं बोलत होते."

"ते बोलतातच. मारलेल्याची बढाई मारतात. आणि तुम्ही? सहा वर्षं न मारलेल्याची मारत आलात. ऐकणाऱ्यांना दोन्हींचा सारखाच कंटाळा येतो हो."

प्रतापनं किल्ली काढून घेतली आणि गाडीचं दार उघडलं.

आबासाहेब परत जाईपर्यंत मुलाशी कामापुरतंच बोलले. हरणाच्या मटणाचा रस्सा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतला, आणि तिखट कमी आहे म्हणाले.

त्यानंतर प्रतापला आणखी एकच हरिण मिळालं, अठ्ठ्याऐंशी साली. बाण नीट लागला. त्याच हिवाळ्यात गिरीश काका जेवायला आले आणि ताट पुढे करत म्हणाले, "वा! मटण कुठून आणता हो तुम्ही?"

"हरणाचं आहे, यांनी मारलेलं," सरला म्हणाली.

गिरीश काकांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी आणखी वाढून घेतलं. प्रतापच्या तोंडात एक मस्त वाक्य आलं होतं. त्यानं ते भाकरीबरोबर गिळलं, आणि गिळताना त्याला चांगलाच ठसका लागला.