नाकावरचा रुमाल

साल दोन हजार सतरा, माझं वय एकाहत्तर. कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर मी आणि बायको बोंबील सुकत घालत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, ही आमची रीत. नव्या टॉवरमधला एक साहेब नाकाला रुमाल लावून आला.

"काका, वास येतो. तक्रार केलीय, ही जागा सोडावी लागेल."

बायको म्हणाली, "सायबा, मंग दर्यापन हलव की!"

मला हसू आलं नाही. यांना खिडकीतून दर्या पाहिजे, त्याचा वास नको. माझ्या आज्यानं इथं दोरी बांधली तेव्हा टॉवरच्या जागी पाणी होतं. मेलेले बोंबीलसुद्धा एकमेकांना धरून वाऱ्यात टिकतात, आणि जित्या माणसाला शेजार सोसत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी एक दोरी बांधली, थेट टॉवरच्या कुंपणापर्यंत.