गाडीपुरती जागा

ड्वेन पावलिकचं गॅरेज दीड गाडीचं होतं, आणि अकरा हिवाळ्यांत त्यात एकही गाडी शिरली नव्हती. आत लोखंड राहायचं.

आमच्या रस्त्यावर बहुतेकांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. नाताळच्या दिव्यांच्या माळा, वारलेल्या वडिलांची हत्यारं, मोठ्या होऊन निघून गेलेल्या मुलांच्या सायकली. ड्वेनकडे अडगळ नव्हती. त्याच्याकडे वजनं उचलायच्या प्लेटा होत्या, बार होते, डंबेलची पूर्ण रांग होती आणि मधोमध लोखंडी रॅक. खाली घोड्यांच्या तबेल्यात घालतात त्या जाड रबरी चटया. भिंतीवर भोकांचा बोर्ड, आणि त्यावर प्रत्येक पट्ट्याची, साखळीची, क्लिपची बाह्यरेषा काळ्या रंगात काढलेली. वस्तू जागेवर नसली की तिची सावली तेवढी दिसायची.

तो प्लास्टिकच्या कारखान्यात साचे बसवायचा. एके वर्षी कारखाना साच्यांसकट दक्षिणेकडे गेला आणि ड्वेन इथेच राहिला. तेव्हा तो पंचावन्नचा होता. त्यानंतर तो पहाटे पाचला उठून गॅरेजमध्ये जायला लागला, पाळी सुरू झाल्यासारखा. दर महिन्याला तारेच्या ब्रशने बारच्या खाचांत अडकलेला, पकडीसाठी हातांना लावायचा खडू आणि आमच्या तळव्यांची कातडी तो काढायचा, तेलाचा हात फिरवायचा. प्लेटा वजनाप्रमाणे लावलेल्या, आकडे सगळे सरळ, वाचता येतील असे. शनिवारी मी आणि रस्त्याच्या टोकाचा मर्ल त्याच्याकडे उचलायला जायचो. एकदा मी दहा पौंडांची प्लेट पंचवीसच्या खुंटीवर ठेवली.

"रस," तो मला म्हणाला, "हे तुझ्या आईचं घर नाही."

"दहा पौंडांनी काय बिघडतं रे?"

"आज दहा. उद्या तू माझ्या बारवर ओले टॉवेल वाळत घालशील."

मर्ल हसून हसून बाकावरून पडायच्या बेतात आला. ड्वेन हसला नाही. त्याने प्लेट उचलली, तिच्या जागी ठेवली आणि आकडा सरळ केला.

कार्लीन, त्याची बायको, वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उठवणं, धुणं, भरवणं. तिची पाळी सहाला सुरू व्हायची. सरोवरावरून बर्फ येतो तो आमच्याकडे रात्रभर येतो, आणि पहाटे गाडी शोधावी लागते. अकरा हिवाळे कार्लीन अंधारात बाहेर उभी राहून काच खरवडायची आणि तिच्यापासून वीस पावलांवर, हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये, लोखंड कोरडं राहायचं. मर्ल एकदा तिच्यासमोरच म्हणाला होता, "कार्लीन, तू पंचेचाळीस पौंडांची प्लेट असतीस तर आत झोपली असतीस."

"अंगावर आकडा गोंदवून घेते," ती म्हणाली.

गेल्या फेब्रुवारीत ती पडली. मी कामाला निघालो होतो. त्यांच्या गॅरेजसमोरच्या उतारावर काहीतरी काळं दिसलं, मला वाटलं कचऱ्याची पिशवी. ती गाडीच्या चाकाशी आडवी होती आणि टोपीत बर्फ भरला होता. गॅरेजच्या बंद दारामागे प्लेटा वाजत होत्या. नेहमीची वेळ होती ती.

"हाका मारल्या मी," ती मला म्हणाली. रडत नव्हती. "प्रत्येक वेळी तो बार खाली ठेवायचा तेव्हा थांबायचे, मग पुन्हा मारायचे. काही उपयोग नाही झाला."

खुब्याचं हाड मोडलं होतं. आत सळई बसवली. ड्वेन इस्पितळात रोज गेला, हे सांगायला हवं. खुर्चीत बसायचा, तिच्या टेबलावरच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायचा. कार्लीन त्या बाटल्यांकडे बघत राहायची.

जुलैत ती कामावर परतली, बसून करायच्या कामावर. सप्टेंबरात एका रविवारी त्यांच्या मागच्या अंगणात आम्ही सॉसेज भाजत होतो. तेव्हा तिने सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हाताऱ्यांना जेवण संपल्याचं सांगताना तिचा आवाज असतो तसा होता.

"थँक्सगिव्हिंगच्या आत माझी गाडी आत आली पाहिजे, ड्वेन. नाहीतर तुझं लोखंड बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. भंगारवाला, मर्ल, देव, कुणीही नेऊ दे."

"मी नेतो," मर्ल म्हणाला.

"तू गप बस," ड्वेन म्हणाला. मग थोडा वेळ सॉसेज उलटत राहिला. "दोन्ही मावेल," तो म्हणाला. "नीट लावलं तर दोन्ही मावेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं तिला तेव्हा खरंच वाटलं, की मावेल.

पुढच्या दोन महिन्यांइतकं आनंदी मी ड्वेनला कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी त्याला पुन्हा काम दिलं होतं. जुना रॅक त्याने कापला, बिजागऱ्या लावल्या, भिंतीतल्या लाकडी खांबांना बोल्टने बसवला. आता तो कपाटाच्या दारासारखा भिंतीला मिटायचा. बाक उभा करून कोपऱ्यात. बार छताखाली हुकांवर आडवे. प्लेटा मागच्या भिंतीला, जड खाली, हलक्या वर. डंबेलची लांब मांडणी डाव्या भिंतीला, कारण तिथे उजेड चांगला होता आणि आकडे वाचता यायचे. जमिनीवर त्याने पिवळ्या पट्टीने गाडीची चौकट आखली. गाडी बाहेर उभी असताना तो टेप घेऊन तिच्याभोवती फिरायचा. बंपर मोजला, छत मोजलं, आरसे उघडे धरून मोजले. छतातून दोरीला टेनिसचा चेंडू टांगला. काच चेंडूला टेकली की थांबायचं.

"आरसे मिटले तर अजून चार इंच मिळतील," त्याने मला सांगितलं.

"रोज पहाटे आरसे कोण मिटणार?"

"म्हणून तर उघडे धरलेत." त्याला मी मूर्ख वाटलो असणार.

शनिवारी आम्ही गेलो की आधी रॅक उघडायचा, चौकटीत उभं राहून उचलायचं, मग सगळं मिटून परत. मर्ल कुरकुर करायचा. "उचलण्यापेक्षा आवरण्यातच घाम जातोय. ड्वेन, कार्लीनसाठी पण एक हुक ठोक भिंतीत. कामावरून आली की टांगायची."

"ठोकला असता," ड्वेन म्हणाला, "पण त्या भिंतीत खांब नाही."

आम्ही तिघंही हसलो.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्याने कार्लीनला बोलावलं. दाढी केली होती. गॅरेजचं दार वर गेलं, आत सगळे दिवे लागलेले. देवळातही इतकी शिस्त नसते. कार्लीन गाडीत बसली आणि हळू आत येऊ लागली. ड्वेन मागच्या भिंतीशी उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होता, विमानतळावर करतात तशा. ये. ये. थोडी डावीकडे. ये. चेंडू काचेला टेकला. उजवीकडे मिटलेला रॅक, पुढे प्लेटा, डावीकडे डंबेल. कशालाच काही लागलं नाही. पिवळी पट्टी चारी बाजूंनी दिसत होती.

"बघ!" तो म्हणाला. "बघितलंस?"

कार्लीनने इंजिन बंद केलं. दार उघडलं. ते तळहाताच्या रुंदीइतकं उघडलं आणि पन्नास पौंडांच्या डंबेलला जाऊन लागलं. टण्ण.

तिने दार ओढून घेतलं, पुन्हा उघडलं. टण्ण.

"ड्वेन," ती फटीतून म्हणाली, "मी उतरू कशी?"

तो दाराकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. तो आकडे जुळवत होता.

"उजवीकडून," तो म्हणाला. "तिकडे जागा आहे. शेजारच्या सीटवरून सरक."

"माझ्या खुब्यात सळई आहे."

"हळूहळू सरक."

"ती गियरची दांडी ओलांडून? रोज? पहाटे साडेपाचला?"

"मी मांडणी हलवतो. आत्ता हलवतो. सहा इंच—"

"तू आरसे मोजलेस," कार्लीन म्हणाली. "आरसे उघडे धरून मोजलेस. मी स्वयंपाकघरातून बघत होते तुला." तिचा चेहरा दाराच्या फटीत अर्धाच दिसत होता. "दार उघडून नाही मोजलंस. आत कुणी बसलेलं असतं, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही."

"अगं, चूक झाली. मापाची चूक आहे."

"नाही," ती म्हणाली. "माप बरोबर आहे. गाडी मावली ना."

तिने इंजिन सुरू केलं. चेंडू काचेवरून सुटून झुलायला लागला. गाडी मागे गेली, उतारावर जुन्या जागी थांबली. तिथे दार पूर्ण उघडलं. ती आधी चांगला पाय बाहेर ठेवून, मग दुसरा हाताने उचलून उतरली आणि घरात गेली.

मर्लला काहीतरी थट्टा सुचली असावी. ती न सांगता त्याने झुलता चेंडू हाताने थांबवला.

ड्वेनने त्याच दुपारी डंबेल हलवली. मीही हात लावला. मांडणी मागच्या भिंतीला गेली, प्लेटा उजवीकडे, कोपऱ्यातला बाक छताखाली. डावी भिंत त्याने मोकळी करून टाकली, खिळासुद्धा ठेवला नाही. संध्याकाळी खुर्ची आणून चौकटीच्या डाव्या कडेला ठेवली, तीत बसला, चांगला पाय आधी, मग दुसरा, असा उठून बघितला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. मग घरात जाऊन तिला म्हणाला, "ये, बघ एकदा. आता बरोबर आहे."

"दमले आहे मी," ती म्हणाली.

थँक्सगिव्हिंगला तिने टर्की केली, मला आणि मर्लला बोलावलं, क्रॅनबेरीची वाटी ड्वेनपुढे सरकवली. लोखंड बाहेर काढ असं ती म्हणाली नाही. गॅरेजचं नावही काढलं नाही. मुदत गेली, आणि ड्वेनला वाटलं आपण सुटलो. त्याला तसं वाटल्याचं मला त्याच्या जेवण्यावरून दिसलं.

सोमवारी बर्फ आला. मी माझ्या उतारावरचा ढकलत होतो. ड्वेनने गॅरेजचं दार उघडून ठेवलं होतं, दिवे लावले होते. आत मधोमध पिवळी रिकामी चौकट होती. तो दारात उभा राहून कार्लीनला हातांनी खुणावत होता. ये. ये. कार्लीनने पुढची काच खरवडली, मागची खरवडली, दिवे पुसले. मग गाडीत बसली आणि कामाला गेली. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग दार खाली आलं.

डिसेंबरभर हेच चाललं. त्यात आणखी एक भर पडली. आम्ही शनिवारी गेलो तर ड्वेन रॅक उघडू देईना.

"ती कधीही आणेल गाडी," तो म्हणाला. "मध्ये पसारा नको."

"ती कामावर आहे, ड्वेन."

"लवकर सुटली तर?"

मग आम्ही कडेला उभे राहून हलकी डंबेल वरखाली करायचो, दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांसारखे. बार छताखाली, प्लेटा भिंतीला, सगळं जागच्या जागी, आणि हात लावायचा नाही. मर्ल यायचा बंद झाला. ड्वेनच्या मांड्या पँटीत ढिल्या दिसू लागल्या. बारला तो तेल मात्र लावायचा, पायऱ्यांच्या स्टुलावर चढून.

जानेवारीत बर्फाच्या वजनाने माझ्या शेडचं छप्पर बसलं. माझी मासेमारीची छोटी बोट उघड्यावर आली. मी ड्वेनला विचारायला गेलो की हिवाळा संपेपर्यंत ठेवू का तुझ्याकडे.

"नाही रे," तो म्हणाला. "ती कार्लीनची जागा आहे."

कार्लीन नुकतीच कामावरून आली होती. बुटांचा बर्फ झटकत दारात उभी होती.

"कशाची जागा?"

"रसला बोट ठेवायचीय. मी सांगितलं, तुझी गाडी—"

"ठेवू दे त्याला. रिकामीच तर आहे."

"तू आणणार असशील तर मी कशाला—"

"मी नाही आणणार, ड्वेन." तोच आवाज, जेवण संपल्याचा. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. "आण तुझी बोट, रस. ह्याला बरं वाटेल, आत काहीतरी उभं राहिलं म्हणजे." आणि ती घरात गेली.

ड्वेन चौकटीकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून टेप काढला.

आम्ही बोट तिच्या चाकांच्या गाड्यावर ढकलत आत आणली. तो तिच्याभोवती फिरला, लांबी घेतली, रुंदी घेतली, चाकं घेतली. मग मला म्हणाला, "वाक."

"काय?"

"झाकण काढायला वाकशील ना? गुडघे कसे आहेत तुझे?"

"दुखतात."

"मग वाक. दाखव."

मी बोटीच्या कडेला वाकलो. त्याने माझ्या पाठीपासून प्लेटांपर्यंत टेप धरला, मान हलवली, आणि प्लेटांची अख्खी मांडणी, एकेक प्लेट उतरवून, आणखी वीतभर मागच्या भिंतीकडे सरकवली. मी म्हणालो, एवढं नको. तो म्हणाला, "माणसाला जागा लागते."