शकूची पायरी

९ मे १९७१, रविवार. सकाळी सातपासून मी वावरात धसकटं वेचत होते. बाजरी कापली की तिची बुडखं जमिनीत राहतात, उन्हाळ्यात वाळून खिळ्यासारखी होतात, आणि पावसाच्या आत ती काढली नाहीत तर पेरणीला आडवी येतात. आमचं गाव संगमनेरच्या पठारावर, जमीन सगळी कोरडवाहू. बांधावरच्या बाभळीला मी जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती आणि झोळीत माझी धाकटी, शकू, होती. वय अडीच वर्षं. अजून चालत नव्हती.

मी देवभोळी बाई नाही. घरच्या देवांची पूजा करते, सणवार चुकवत नाही, पण अंगात येणं, कौल लावणं याचा मला कंटाळा आहे. तरीही शकू चालत नव्हती ती एका नवसामुळे, आणि तो नवस मी चालू दिला होता. आधी तेच सांगायला हवं.

शकू तेरा महिन्यांची होती, भिंत धरून उभी राहायला नुकतीच लागली होती, तेव्हा चंपाषष्ठीच्या सुमारास तिला मोठा ताप आला. अठरा दिवस ताप उतरेना. पोर हाताला लागत नव्हती इतकी वाळली. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढे पदर पसरला आणि जेजुरीच्या खंडोबाला बोलल्या की पोर वाचली तर तिचं पहिलं पाऊल तुझ्या पायरीवर पडेल, त्याआधी भुईवर पडणार नाही. एकोणिसाव्या दिवशी ताप उतरला. तेव्हापासून शकू कडेवर, मांडीवर नाहीतर झोळीत. जेजुरीला सगळ्या घरानं मिळून जायचं असा आत्याबाईंचा हट्ट. माझा दीर फौजेत, त्याला रजा मिळेना. माघ गेला, चैत्र गेला, पुढचं अख्खं वर्ष गेलं.

मी विरोध केला नाही, याचं कारण भक्ती नव्हे. मला ते सोयीचं होतं. थोरल्या दोघांच्या वेळी मी जेरीस आले होते. एक चुलीकडे धावायचा, दुसरा विहिरीकडे. त्यांनी पहिलं पाऊल कधी टाकलं ते मला आठवतही नाही, मी कुठल्या तरी कामात होते. झोळीतली पोर कामाच्या आड येत नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, "तुझी शकू किती शहाणी, ठेवली तिथं राहते." मला ते ऐकायला बरं वाटायचं.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या पोटऱ्या मी नीट पाहिल्या. तिच्याच मनगटाएवढ्या होत्या, म्हणून तिला दाखवायला नेली. संगमनेरच्या डॉक्टरांनी पाय हलवून, गुडघ्यावर टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाले, "पायात दोष नाही. खाली सोडा, चालेल." नवसाचं मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी काय सांगितलं ते घरी सांगितलं नाही. गोठ्यामागे जाऊन दोनदा तिला गुपचूप उभी करून पाहिली. जमीन लागताच तिनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि किंचाळली. तिला वाटत असावं, जमीन ही पाय ठेवायची वस्तूच नाही. तिसऱ्यांदा करायचा धीर मला झाला नाही. नवस मोडते आहे म्हणून असं होतंय का, हा विचार मनात आला आणि माझा मलाच राग आला.

तर त्या रविवारी वावराच्या वरच्या अंगाला धनगरांच्या मेंढ्या बसवलेल्या होत्या. उन्हाळ्यात ते कळप घेऊन येतात, रात्री आपल्या वावरात मेंढ्या बसवतात, जमिनीला खत होतं. आपण त्यांना धान्य देतो. दिवसा पुरुष मेंढ्या चारायला नेत. पालापाशी एक म्हातारी, लहान कोकरं आणि एक दात पडलेली मेंढी एवढीच राहत. ती मेंढी देवाच्या नावानं सोडलेली होती, तिला ते विकत नव्हते.

शकू रडायला लागली. हातात घेतलेला वावराचा पट्टा संपवून जावं म्हणून मी खाली वाकूनच राहिले. रडणं थांबलं तेव्हा मान वर केली, तर म्हातारीनं तिला झोळीतून काढून कोकरांमध्ये भुईवर बसवलं होतं.

मी ओरडत धावले, "तिला खाली ठेवू नका."

"का गं बाय? भुईला इंचू हाय का?"

मी धापा टाकत नवसाचं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, कोकराच्या नाकाची माशी हाकलली आणि म्हणाली, "आन् देव काय थितंच बसून असतो व्हय? मग आमचं कसं व्हायचं? आमी तर सा म्हयनं जेजुरी बघत न्हाई."

पालात एक टोपली होती. टोपलीत फडक्यात गुंडाळलेला देवाचा टाक, बोटभर चांदीचा. तो तिनं मला दाखवला. "आमच्यासंगं घोड्यावर बसून हिंडतो. पाल पडंल थितं त्याची जेजुरी. आज ऐतवार हाय, सकाळीच न्हाऊ घातलाय त्याला." तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढला, शकूपुढच्या मातीवर टाकला आणि म्हणाली, "ही घे पायरी."

मग तिनं त्या म्हाताऱ्या मेंढीला जवळ ओढलं आणि शकूच्या दोन्ही मुठी तिच्या लोकरीत रुतवल्या. शकूला लोकर आवडली. तिनं घट्ट धरली. पलीकडे एक कोकरू ओरडलं, मेंढी त्याच्याकडे निघाली, आणि मुठी न सोडता शकू तिच्याबरोबर उठली. एक पाय भंडाऱ्यावर पडला. दुसरा पुढे. मेंढी सावकाश चालली, म्हातारी मेंढी चालते तशी, आणि माझी पोर तिच्या कडेनं चालली. सहा पावलं मी मोजली, नंतर मोजता आली नाहीत. वावरात काही हललं नाही, वारासुद्धा नव्हता. माझ्या मुठीत धसकटं होती. त्यातलं एक तळहातात घुसलं होतं, ते मला रक्त दिसल्यावर कळलं.

मागे वळले तर आत्याबाई भाकरी घेऊन आलेल्या, बांधावर उभ्या राहून सगळं पाहत होत्या. पाटी डोक्यावर तशीच.

"माझ्या नवसाचा निवाडा हिनं केला व्हय?" त्या मला म्हणाल्या.

उत्तर म्हातारीनं दिलं. "नवस तुमचा, आक्का. देव समद्यांचा हाय."

आत्याबाईंनी पाटी खाली ठेवली, वहाणा काढल्या, भंडाऱ्यावर उमटलेल्या त्या चार बोटं लांबीच्या पावलापाशी वाकल्या आणि कपाळ टेकलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता हात जोडले. मग आत्याबाई म्हातारीला म्हणाल्या, "बस, भाकर खा. अन् त्या मेंढीलाबी दे, तिनंच पोरीला चालवली."

हा चमत्कार होता का, ते मी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणालेच होते की चालेल. पण सहा महिने मला जे माहीत असून करता आलं नाही, ते एका परक्या बाईनं चिमूटभर भंडाऱ्यात केलं. भीती आत्याबाईंची होती तशीच माझीही होती, आणि ती दोघींचीही एकदमच गेली. मी एवढंच शिकले की देवावर हवाला ठेवते असं म्हणत मी पोरीला धरूनच ठेवलं होतं. हवाला ठेवायचा तर हात मोकळा करावा लागतो. त्या म्हातारीचं नावही मी विचारलं नाही. ज्या देवानं तिला माझ्या वावरात उतरवलं, त्याचे उपकार मी रोज मानते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा पाल उठलेलं होतं, नुसत्या लेंड्या आणि चुलीचे तीन दगड. मी बाभळीची झोळी सोडली. बाभळीपासून त्या चुलीपर्यंत एक पट्टा धरला, त्यातलं प्रत्येक धसकट वेचलं, वहाणा काढून स्वतः एकदा चालून पाहिलं, आणि शकूला खाली सोडलं.